कोंबड्यांच्या स्वच्छ पाण्याबाबत

प्रति,
मा. झोनल आरोग्य अधिकारी,
झोन कार्यालय (आरोग्य विभाग),
नागपूर.

अर्जदार : कु. भूमिका रविंद्र बारापात्रे, वय १५ वर्षे ६ महिने, इयत्ता दहावी (ब), राहणार भांगे ले-आऊट, जुन्या जकात नाक्यामागे, नागपूर.

विषय : बदकांच्या साचलेल्या पाण्याबाबत बजावलेल्या नोटिशीतून अर्जदाराच्या आईचे नाव कमी करून त्या जागी अर्जदाराचे नाव लावणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. ५ सप्टेंबर २०२५, सौ. कौसल्या रविंद्र बारापात्रे यांच्या नावे.
२) अर्जदाराचा याच विषयाचा पहिला अर्ज, दि. २२ सप्टेंबर २०२५ (आवक खिडकीवरून परत).

महोदय,

अर्जदार ही वरील पत्त्यावर आईवडिलांसह राहते. वडील कळमेश्वरला कारखान्यात पाळीवर असतात. आई घराच्या मागच्या अंगणात कोंबड्या आणि बदके पाळून अंडी विकते, म्हणजे विकत होती. आपल्या कार्यालयाने जी नोटीस दिली तिच्यात आईचे नाव आहे आणि ते चुकीचे आहे. तिथे अर्जदाराचे नाव पाहिजे. अर्ज खरे म्हणजे एवढाच आहे. पण एवढाच लिहिला होता तो परत आला, म्हणून या वेळी सर्व हकीकत क्रमाने लिहिली आहे.

अर्ज कसा लिहावा हे आपल्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या श्री. रुपराव यांना विचारले. ते म्हणाले, अर्जात "मी, मी" करू नये, "अर्जदार" म्हणावे, म्हणजे साहेबाला वाटते की माणूस ठिकाणावर आहे. ते स्वतःच लिहून देणार होते. मात्र विषय ऐकल्यावर त्यांनी पेनाचे टोपण लावले आणि म्हणाले, बाई, आतापर्यंत नाव काढून द्या म्हणणारे हजार आले, नाव लावून द्या म्हणणारी तू पहिली, हे तुझे तूच लिही. म्हणून अक्षर अर्जदाराचे आहे.

१. मागच्या वर्षी आईने सावनेरजवळच्या तिच्या माहेराहून बदकाची बारा अंडी आणली. बदक काही अंड्यांवर नेटाने बसत नाही, म्हणून आमच्याकडे बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. आईने ती ढवळ्या कोंबडीखाली ठेवली. कोंबडीची पिल्ले एकवीस दिवसांत निघतात, बदकाची अठ्ठावीस दिवसांत. ढवळी वरचे सात दिवसही उठली नाही. आठ पिल्ले निघाली, त्यांतली सहा जगली. पहिल्यांदा ती सहा जण टपाटप पाण्यात उतरली तेव्हा ढवळी काठावर असा आकांत करत धावली की शेजारपाजार भिंतीवरून पाहायला आला. शेजारच्या वंदनाकाकूंची मेघा, वय वर्षे अकरा, हसून हसून खाली बसली होती. सहाही बदकांची नावे तिनेच ठेवली. सर्वांत जाड्या बदकाचे नाव हेडबाई.

२. बदके आणि कोंबड्या एकत्र ठेवल्या की भांडण पाण्यावरून होते. बदकाला डोके बुडवल्याशिवाय पाणी प्यालेले वाटत नाही. ते चोचीत माती घेऊन येते, पाण्यात खळबळते, बाहेर सांडते, आणि कोंबड्यांना त्या चिखलात उभे राहून तेच पाणी प्यावे लागते. आईचा यावर उपाय असा होता की रोज संध्याकाळी टाके पालथे करायचे, घाण पाणी शेवग्याच्या झाडाला घालायचे आणि ताजे भरायचे. रोज म्हणजे रोज, पाऊस असो की ताप असो. यंदा जूनमध्ये दोन तलंगी, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, सर्दीने मेल्या. अर्जदाराने मोबाइलवर वाचून आईला समजावले की दोघांचे पाणी वेगळे पाहिजे, आपली पद्धत अडाणी आहे. "अडाणी" हा शब्द अर्जदाराने वापरला होता, तो इथे नमूद करते.

घरात जुन्या कूलरचा पत्र्याचा टब पडून होता. अर्जदाराने तो शेवग्याखाली आठ विटांवर उंच ठेवला, म्हणजे बदक चढणार नाही. वरून जाळी ताणून बांधली आणि एका कोपऱ्याला कोंबडीची चोच जाईल एवढीच फट सोडली. आईने कमरेवर हात ठेवून पाहिले आणि म्हणाली, दिसते तर चांगले. खरोखरच चांगले दिसत होते. पाणी इतके नितळ की तळाचा गंज दिसायचा. बदकांचे सिमेंटचे टाके खालीच राहिले, चिखलाचे. ते आई रोज फेकत राहिली. कोंबड्यांचा टब दर रविवारी रिकामा करून घासण्याचे अर्जदाराने स्वतःकडे घेतले.

३. जुलैमध्ये शाळेतून वीस विद्यार्थी आरोग्यदूत म्हणून निवडले गेले. अर्जदाराचे नाव पहिले होते. त्याआधी अर्जदार उत्तर येत असले तरी वर्गात हात वर करत नसे. आरोग्यदूताचा बिल्ला आणि टॉर्च मिळाल्यावर काय झाले कोण जाणे, ती कुणाच्याही घरात शिरून कूलर उघडायला सांगू लागली. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे तिने एकशे बेचाळीस घरांत सांगितले. वस्तीतले जुने गृहस्थ भैयाजी, ज्यांच्या शब्दाबाहेर आमच्या ले-आऊटमध्ये कोणी जात नाही, त्यांच्या गच्चीवरच्या माठात अळ्या सापडल्या तेव्हा तिने त्यांना त्यांच्याच नातवांपुढे सुनावले होते. भैयाजी हसले होते. आपल्या कार्यालयाने वाटलेले गप्पी मासे तिने मोठ्या विश्वासाने बदकांच्या टाक्यातही सोडले, ते बदकांनी दोन मिनिटांत संपवले. तेव्हाच कळले की बदक असले की पाण्यात जिवंत असे काही उरत नाही. हा मुद्दा अर्जदाराने नंतर भाषणात घेतला.

रविवार, ३ ऑगस्ट रोजी आरोग्यदूतांचे प्रशिक्षण होते. १० तारखेला दुसऱ्या ले-आऊटमध्ये फेरी. १७ तारखेला भाषणाची तयारी. २४ तारखेला धरमपेठेत भाषण स्पर्धा, विषय "कोरडा दिवस, निरोगी शहर", त्यात अर्जदार दुसरी आली. या चारही रविवारी तिने कोंबड्यांचा टब रिकामा केला नाही. पाणी कमी दिसले की वरून बादली ओतली. पाणी घाण झाले असते तर आईने फेकले असते. ते स्वच्छ होते, म्हणून कोणी फेकले नाही.

४. मेघा रोज शाळेतून आली की चार ते सहा आमच्याच अंगणात असायची. तिच्या घरी कोणी नसायचे, वंदनाकाकू शिवणकामाला जातात. शेवग्याखाली, टबाच्या बाजूला जी फरशी आहे, तिच्यावर बसून ती अभ्यास करायची. तिथे सावली असते. पाय खाजवत असायची. अर्जदाराने तिला एकदा म्हटले होते, काहून खाजवून राहिली, आंघोळ करत जा.

२९ ऑगस्टला मेघाला ताप आला. रविवारी, ३१ तारखेला, तिला दवाखान्यात भरती केले, त्या धावपळीत टब त्याही दिवशी राहिला. २ सप्टेंबरला रिपोर्ट आला, डेंग्यू. ४ सप्टेंबरला सकाळी ती गेली. याच्याबद्दल अर्जदार आणखी लिहीत नाही, कारण ती अर्जाची बाब नाही आणि लिहिता येत नाही.

५. २ तारखेला रिपोर्ट ऐकून अर्जदार घरी आली. दिवेलागण झाली होती. तिने टॉर्च घेतला आणि प्रथम बदकांच्या टाक्यात पाहिले. चिखल होता, पिसे होती, अळी एकही नव्हती. मग तिने टबावरची जाळी सोडली. टॉर्चच्या उजेडात सगळे पाणी हलत होते. शेकडो. एकशे बेचाळीस घरांत मिळून तिने एवढ्या पाहिल्या नव्हत्या. तिने दोन्ही हातांनी टब उलटा केला, पाणी विटांवर आणि मातीवर पसरले, मग चुना घेऊन टब आतून घासला आणि भिंतीला पालथा टेकवून ठेवला. शिकवले होते तसेच सर्व केले. अळ्या दिसल्या की आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवावे हेही शिकवले होते. ते तेवढे केले नाही.

६. ५ तारखेला आपले तपासनीस साहेब पाहणीला आले. त्यांची यात काहीही चूक नाही हे अर्जदार स्पष्ट करू इच्छिते, कारण वस्तीत आता त्यांनाही नावे ठेवतात. त्यांनी बदकांच्या टाक्यात टॉर्च टाकून नीट पाहिले. नोटिशीत "अळ्या आढळून आल्या नाहीत" असे त्यांच्याच हातचे आहे, ती ओळ कोणी वाचत नाही. पण टाके चिखलाचे, वास येणारे, बाजूला एक लेकरू गेलेले. त्यांनी "दूषित पाणी साचवून पक्षी पाळणे" असे लिहिले आणि सात दिवसांत बदके हलवण्यास सांगितले. पालथा टब त्यांनी पाहिला, तो कोरडा होता.

जाता जाता त्यांनी विचारले, अंगणात आणखी कुठे पाणी साठवता का? आईने अर्जदाराकडे पाहिले. अर्जदाराच्या कुर्त्याला बिल्ला लावलेला होता.

अर्जदार म्हणाली, "नाही."

मग नाव कोणाचे लिहू, असे त्यांनी विचारले. आईने आपले पूर्ण नाव सांगितले.

७. नोटीस निघाली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळले. तिची एक प्रत कोणीतरी भैयाजींच्या कंपाउंडच्या भिंतीवर डकवली. बदकांच्या डबक्याने पोरगी खाल्ली, असे म्हणू लागले. भैयाजी म्हणाले, घाण पाणी कोणाच्या अंगणात आहे ते आंधळ्यालाही दिसते. खरे आहे, घाण आंधळ्यालाही दिसते. अंडी घेणे बंद झाले. आई किराणा दुकानात गेली की बायका बाजूला सरकत. मेघाच्या तेरवीला आई स्वयंपाकाला हात लावायला गेली तर तिच्या हातचा झारा काढून घेतला. त्याआधी, ८ तारखेला संध्याकाळी, भिंतीवरून गोटे आले. एका बदकाची मान मोडली. ती हेडबाई होती. एक गोटा आईच्या खांद्याला लागला. आईने आतून दार लावले.

८. ११ तारखेला सावनेरचा एक माणूस मोटारसायकल घेऊन आला आणि उरलेली पाच बदके पाय बांधून, खाली डोके करून घेऊन गेला. आईने नोटीस पाळली, हे कृपया नोंदवावे. ढवळी कोंबडी त्या दिवसापासून दाणे टाकले तरी येत नव्हती. ती टाक्याच्या काठावर फेऱ्या मारायची, जशा पहिल्या दिवशी मारल्या होत्या, पण आता आवाज न करता.

बदके गेल्यावर टाके पालथे करण्याचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. आईचे मन ठिकाणावर नव्हते. पावसाने ते भरले, गाळ खाली बसला, पाणी वर नितळ झाले. २० तारखेला अर्जदाराने टॉर्च टाकला. अळ्या होत्या. म्हणजे ज्या टाक्यासाठी नोटीस निघाली त्यात अळ्या नोटीस पाळल्यानंतर झाल्या, आणि बदके होती तोपर्यंत एकही नव्हती. अर्जदाराने टाके लगेच रिकामे केले. त्याआधी थोडे पाणी बाटलीत भरून घेतले, ते सोबत जोडले आहे. या वेळी कळवण्यास उशीर केला नाही, दुसऱ्या दिवशी रविवार होता, सोमवारी सकाळी ती आपल्या खिडकीवर होती.

९. खिडकीवरच्या मॅडमनी अर्ज वाचला. मग पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, तुला अठरा पूर्ण नाहीत, तू अज्ञान आहेस, पालकाची सही आण. अर्जदाराला वाटले, अज्ञान आहे हेच तर लिहिले आहे. पण त्यांचे म्हणणे कायद्याचे होते.

त्या संध्याकाळी अर्जदाराने अर्ज आईपुढे ठेवला. आईला हळूहळू वाचता येते. बोट ठेवून तिने शेवटपर्यंत वाचला. तिला त्यात नवीन काही नव्हते, कारण २ तारखेला तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून टब उलटा करताना पाहिले होते. तपासनीस साहेबांपुढे तिने अर्जदाराकडे पाहिले ते विचारायला नव्हते. आईचे शब्द जसेच्या तसे देते, कारण सही न होण्याचे कारण तेच आहे :

"माह्यं नाव राहू दे. माह्यं सगळं होऊन गेलं आहे, तुह्यं व्हायचं आहे. उद्या लग्नाले पाहुणे येतील, नोकरीले जाशील, तं लोकं काय म्हणतील, हेच का ते पोट्टी? मले म्हणू दे."

अर्जदाराने खूप वाद घातला. ती वादात हरत नाही. आई उठली आणि तिने अर्ज खुराड्यात कोंबड्यांखाली अंथरला. वडिलांना विचारले तर ते म्हणाले, तुझी आई म्हणेल ते.

१०. २८ सप्टेंबरला अर्जदार वंदनाकाकूंकडे गेली. हे तिने सर्वांत आधी करायला हवे होते. काकू सुपातले तांदूळ निवडत होत्या. अर्जदाराने उभ्यानेच सांगितले, टब, जाळी, चार रविवार, टॉर्च, आणि "नाही" म्हटलेले. काकूंचा हात थांबला नाही. सगळे सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारले, किती दिवस होते ते पाणी? अर्जदाराने मोजलेले होते, २७ जुलै ते २ सप्टेंबर. सदतीस. काकूंनी बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजले. मग सूप बाजूला ठेवले.

"मले सांगून माह्यी मेघा येत नाही वं," त्या म्हणाल्या. "तुह्या मायच्या अंगणात ज्यायनं गोटे मारले, त्यायले सांग. आता जाय. दार ओढून घेजो."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे अर्जदाराला वाटले. पण अर्जदाराला बरे वाटणे ही त्यांची जबाबदारी नाही.

११. त्याप्रमाणे दसरा झाल्यावर, शुक्रवार, ३ ऑक्टोबरला सायंकाळी, भैयाजींच्या ओट्यावर वस्तीची माणसे जमतात तिथे अर्जदार गेली आणि पहिल्या अर्जाची दुसरी प्रत तिने उभी राहून मोठ्याने वाचली. अर्जदार भाषणात दुसरी आलेली आहे, तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जातो. वाचून झाल्यावर मागून एक बाई म्हणाली, पोट्टी मायले वाचवून राहिली. दोघी तिघी "हो नं" म्हणाल्या. अर्जदाराने पुन्हा सांगितले, स्वच्छ पाण्यातच होतात, मी तुमच्या प्रत्येकाच्या घरी येऊन हेच सांगितले नव्हते का? तर भैयाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोर गुणी आहे, पण कौसल्येने तिला खोटे बोलायला शिकवायला नको होते.

तेवढ्यात कोणीतरी आईला बोलावून आणले. अर्जदाराला वाटले, आता आईला खरे बोलावेच लागेल. आईने पदर सावरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली की पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, मेघा तिची मैत्रीण होती, टबातले पाणीही मीच भरत होते आणि टाक्यातलेही मीच. भैयाजी म्हणाले, बघा, शेवटी निघालेच तोंडातून.

म्हणजे महोदय, अर्जदार आईचा एक आरोप काढायला गेली आणि आईवर तीन झाले. पोरगी मारली, पाणी साठवले आणि आपल्या पोरीला खोटे बोलायला लावले. त्या रात्री आई जेवली नाही. या आठवड्यात ती उरलेल्या कोंबड्याही विकणार आहे, असे म्हणते. ढवळीसुद्धा.

१२. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना अर्जदाराने सर्व सांगितले. त्यांनी तिला जवळ बसवले आणि म्हणाल्या, चावलेला डास त्याच टबातला होता हे कोणालाही सिद्ध करता येणार नाही, तू स्वतःला दोष देऊ नकोस. बाईंबद्दल आदर आहे. पण आईच्या बाबतीत कोणी सिद्ध करायला सांगितले नव्हते. तिच्यासाठी चिखल पुरला.

१३. यावरून आपल्या लक्षात येईल की अर्जदाराची चूक आज नागपूर शहरात वंदनाकाकूंशिवाय कोणीही मान्य करायला तयार नाही. जिला माहीत आहे ती आई नाकारते, वस्ती खोटे म्हणते, बाई समजूत घालतात. तोंडी सांगण्याचे सर्व मार्ग संपले आहेत. आमच्याकडे लोक माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, शिक्क्यावर ठेवतात. आईची चूक शिक्क्याने ठरली, ती शिक्क्यानेच निघेल. म्हणून अर्जदार आपल्यापुढे आली आहे.

तरी नम्र विनंती की,

अ) दि. ५ सप्टेंबरच्या नोटिशीतून सौ. कौसल्या रविंद्र बारापात्रे हे नाव कमी करून कु. भूमिका रविंद्र बारापात्रे हे नाव लावावे, आणि "बदकांचे टाके" च्या ठिकाणी "कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्याचा टब, सदतीस दिवस न बदललेला" असे लिहावे.

ब) दुरुस्त नोटिशीची प्रत आमच्या घरी न पाठवता भैयाजींच्या कंपाउंडच्या भिंतीवर, जुनी प्रत होती तिथेच, आपल्या कर्मचाऱ्यामार्फत लावावी. अर्जदाराने लावली तर फाडतील. "अळ्या आढळून आल्या नाहीत" ही ओळ मोठ्या अक्षरात असावी.

क) तपासणीच्या वेळी खोटे सांगितल्याबद्दल नियमाप्रमाणे जी कारवाई बसेल ती अर्जदारावर करावी. वयामुळे सूट देऊ नये. एकशे बेचाळीस घरांत उपदेश करताना वय आड आले नव्हते.

ड) आरोग्यदूताचा बिल्ला आणि प्रमाणपत्र परत घ्यावे. टॉर्च मात्र अर्जदाराकडे राहू द्यावा. रोज संध्याकाळी ती आमच्या आणि वंदनाकाकूंच्या अंगणातले सर्व पाणी तपासते. काकूंनी येऊ नको म्हटलेले नाही. या म्हटलेलेही नाही, त्या आत निघून जातात.

शेवटचा मुद्दा पालकाच्या सहीचा. ती मिळणार नाही. आईची खोटी सही करता आली असती, आईची सही तीन अक्षरांची आहे आणि अर्जदाराला येते. पण या कामात आणखी एक खोटे घालायचे नाही. खिडकीवरच्या मॅडमना विचारले असता त्या म्हणाल्या की मग अठरा पूर्ण झाल्यावर ये. अर्जदाराची जन्मतारीख ९ मार्च २०१० आहे, दाखल्याची प्रत जोडली आहे. सहीअभावी आज हा अर्ज घेता येत नसेल तर आपण तो फेटाळू नये, परत करू नये, दप्तरी दाखल करून बंदही करू नये. त्यावर आवक क्रमांक टाकून ९ मार्च २०२८ पर्यंत तसाच प्रलंबित ठेवावा. त्या दिवशी गुरुवार आहे, कार्यालय उघडे असते. अर्जदार सकाळी साडेदहाला खिडकीवर येऊन स्वतःच्या सहीने तो पुरा करील. मधल्या काळात आपली बदली झाली तर कृपया पुढच्या साहेबांना एवढे सांगून ठेवावे की या फाईलमधली बाई निर्दोष आहे, फक्त कागद यायचा आहे.

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत, नोटिशीतील खरी व्यक्ती,

(सही) भूमिका रविंद्र बारापात्रे
दि. ६ ऑक्टोबर २०२५, नागपूर

सोबत :
१) नोटिशीची प्रत (भिंतीवरून काढलेली, कोपरा फाटलेला)
२) बाटली एक, बदकांच्या टाक्यातील पाणी, दि. २० सप्टेंबर. झाकण घट्ट आहे, उघडू नये.
३) आरोग्यदूताचा बिल्ला व प्रमाणपत्र
४) जन्मदाखल्याची प्रत

पालकाची स्वाक्षरी : ____________ (जागा सोडली आहे)